भरल्या घागरीची वाट

रुख्माबाईंनी माझी खोली लावली तेव्हा मी शाळेत होतो. परत आलो तर खाट दारासमोरून हलली होती. टेबल खिडकीशी गेलं होतं. उशाशी ठेवलेला पाण्याचा माठ दाराबाहेर सावलीत घडवंचीवर बसला होता. पुस्तकं जमिनीवरून उठून फळीवर चढली होती, सगळी उलटी. बाईंना अक्षर येत नव्हतं.

मी शेजारी गेलो. त्या सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, तांदूळ पाखडत होत्या.

"बाई, माझी खोली?"

"लावली."

"मी सांगितलं नव्हतं."

"तू कायले सांगशीन? दाराकडं पाठ करून बसून राहत होता. मागून बैल आला त मालूम होईन का तुले?"

"बैल कशाला येईल खोलीत?"

"मागच्या मास्तरच्या खोलीत आलता. धोतर खाऊन गेला."

हे १९५४ साल. गोरेगाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. मी नागपूरला मराठी घेऊन बी.ए. झालो होतो आणि इथल्या शाळेत नुकताच लागलो होतो. रुख्माबाईंच्या घराला लागून असलेली खोली मला भाड्यानं मिळाली होती. त्या पन्नाशीच्या. नवरा गेलेला. दुधराम नावाचा एकुलता मुलगा, धानाची शेती, दोन म्हशी. त्या रात्री मला खोलीत पहिल्यांदा नीट झोप लागली. सकाळी उजेड वहीवर पडला. मी तक्रार मागं घेतली, आणि आमची मैत्री झाली.

त्यांच्या कामाला वेगळं नाव नव्हतं. लोक म्हणत, रुख्माबाई घर लावते. ज्या घरात सून यायची असेल तिथं त्यांना बोलावणं जाई. पंडित आधी येऊन जाई. दार कुठल्या दिशेला, देव कुठल्या कोपऱ्यात, ते सांगून जाई. त्याच्याशी बाईंचं भांडण नव्हतं.

"दिशेचं त्याले इचारा," त्या म्हणत. "वाटेचं मले."

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर खुशाल नावाच्या धानाच्या व्यापाऱ्याकडं गेलो. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. बाईंनी विहिरीवर घागर काठोकाठ भरून घेतली. डोक्यावर चुंभळ, चुंभळीवर घागर. मग पदर ओढला, थेट नाकापर्यंत. आमच्या भागात नवी सून सासऱ्या-दिरांसमोर अशीच चालते. तिला दिसतं ते फक्त स्वतःच्या पायापुरतं.

तशा त्या चालू लागल्या. विहिरीपासून मागची वाडी, वाडीतून दार, दारातून घडवंची, घडवंचीपासून चूल, चुलीपासून धानाची ढोली. खुशाल कोळसा घेऊन मागं. पाणी सांडलं की बाई तिथंच पाय रोवून उभ्या राहत.

"इथं."

खुशाल कोळशानं फुली मारी.

उंबऱ्यावर एक फुली पडली. कपाळाच्या उंचीवर कोणीतरी खुंटी ठोकली होती, तिथं दुसरी. आणि ढोलीपाशी मोठी. ढोली म्हणजे शेणानं सारवलेली बांबूची मोठी कणगी. ती वाटेतच पोट काढून बसली होती.

"हे मांगं सरकवा."

"बाई, पंडित म्हनला, ढोली याच कोपऱ्यात पाहिजे. लक्ष्मी येते."

"लक्ष्मीले येऊ दे ना. पर सून कोठून येईन?"

खुशाल डोकं खाजवत राहिला. शेवटी ढोली त्याच कोपऱ्यात राहिली, फक्त भिंतीला खेटली. लक्ष्मी आणि सून दोघींची सोय झाली.

बाईंचं बाकीचं सांगणंही असंच होतं. दारातून चूल दिसू नये, पण चुलीपाशी बसलेलीला दार दिसावं. खाट वाऱ्याच्या वाटेत नको, पण वाऱ्याची वाट बंदही नको. घराच्या मधोमध काही ठेवू नका. तिथं पाळणा येतो, आजारी माणूस येतं, पावसाळ्यात ओलं धान येतं. पाहुण्याच्या तोंडावर शिंकाळं टांगू नका, त्याचं लक्ष जेवणात राहत नाही.

नम्रपणा त्यांच्यात नव्हता. आठवडी बाजारात भाजी घेताना मोठ्यानं सांगत, "माह्या लावल्या घरात घागर फुटली नाही आजवर."

हे सगळं कुठून आलं, ते मी एकदा विचारलं. त्यांनी सुपातले खडे शोधत सांगितलं.

त्या लग्न होऊन आल्या त्या दिवशी सासूनं मातीची नवी घागर दिली. पहिलं पाणी सुनेनं आणायचं, हा रिवाज. उंबरा गुडघ्याला लागेल एवढा. पदर नाकावर. घागर फुटली. साऱ्या पाहुण्यांदेखत सासू म्हणाली, पांढऱ्या पायाची आहे. मग बैल मेला, पांढरे पाय. पाऊस उशिरा आला, पांढरे पाय. सासू जाईपर्यंत ते चाललं.

"आन माहे पाय त कारेच होते, मास्तर," त्यांनी पाय पुढं केला. "पाह्य ना."

त्या हसल्या. मी पाय पाहिला. मला हसता आलं नाही.

१९५६ साली दुधरामचं लग्न ठरलं. मुलगी बोदलकशाच्या तलावाकडची, नाव प्रेमिला. दुधरामनं जुन्याशेजारी तिघांसाठी नवं घर बांधायला घेतलं, मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर. बाईंनी ते घर लावलं. त्यांना मी इतकं खपताना कधी पाहिलं नव्हतं. उंबरा तासून तासून जमिनीला आणला. खुंट्या उपटल्या. चूल डाव्या भिंतीला चिकटवून घातली, म्हणजे उजवी बाजू, ढवळणाऱ्या हाताची, मोकळी राहील. आत शिरताच उजव्या हाताला घडवंची. लाकडं उजवीकडं, मिठाचं गाडगं उजवीकडं. रोज घागर घेऊन चालत. एक दिवस मलाही चालवलं, पदराऐवजी डोक्यावरून पंचा ओढून.

"मास्तरचाबी थेंब सांडला नाही," त्यांनी कुंपणापलीकडं ओरडून सांगितलं. तिथं सावित्रीबाई राहत. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. तेव्हापासून बोलणं सारं कुंपणावरून.

प्रेमिला आली. उंच, सावळी, खाली मान. बाईंनी नवी घागर तिच्या हातात दिली. ती विहिरीवरून व्यवस्थित आली. उंबरा तिला कळलासुद्धा नाही. आणि घडवंचीपाशी, जिथं काहीही व्हायला नको होतं तिथं, घागर हातातून निसटली.

खापऱ्या घडवंचीखाली पसरल्या.

"होते असं," बाई म्हणाल्या. "दुसरी आना."

दुसरी आठवड्यात फुटली. मग वरणाची हंडी चुलीत कलंडली. मग प्रेमिलाचं कोपर भाजलं. भिंतीला आपटून पळी उडाली ती दुधरामच्या ताटात. रोज काही तरी. सावित्रीबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहू लागल्या.

"का वं रुख्मा, तुह्या लावल्या घरात घागर फुटत नाही म्हने?"

"कुंभाराचीच माती खराब आहे या साली."

"माती का? पोरीचे पाय पाह्यले का तू? पांढरे त नाहीत?"

बाईंनी सूप उचललं. त्या आत गेल्या.

घरातलं बोलणं कमी झालं. मला खिडकीतून ऐकू येई. "डोरे उघडे ठेव." "पाहून ठेव." "पुन्हा?" प्रेमिलाचा आवाज येतच नसे. आषाढ लागता लागता एका संध्याकाळी दुधराम सपरीत बसून म्हणाला, "माय, चुली दोन करू."

इथं चुली दोन झाल्या की घर दोन होतं. एकाच छपराखाली असलं तरी. सासूनं एकीकडं आपला भात शिजवायचा, सुनेनं दुसरीकडं. सणाला ताट पाठवायचं. लोक विचारतात तेव्हा कोणी तब्येतीचं कारण सांगतं. बाईंना एकच मुलगा होता.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दाराशी येऊन बसल्या.

"वेगळी चूल घालून कोनासाठी रांधू, मास्तर?"

मी वही मिटली.

"आन एकत्र राहतो त ते शब्द तोंडात येऊन राहिले. सासूवाले. दातात धरून ठेवले आहेत मी. कवातरी सुटतीन."

मग रोवणी आली. धानाची रोपं लावायचे ते दिवस. शाळेत मुलं येत नाहीत, सगळी बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, असतात. मीही बांधावर जाऊन उभा राहिलो. झिमझिम चालू होती. बायका ओळीनं वाकून मागं मागं सरकत होत्या. डाव्या हातात रोपांची पेंढी, उजव्या हातानं चिखलात रोप. ओळीचा एकच ताल होता.

प्रेमिला मधे होती आणि ताल तिच्यापाशी तुटत होता. ती मागं पडे, मग घाई करी, मग शेजारणीच्या हाताला तिचा हात धडके.

"काऊन वं, माह्या वाटेनं येऊन राहिली?" शेजारीण ओरडली.

"टोकाले जा," रुख्माबाई म्हणाल्या. त्या वैतागल्या होत्या.

प्रेमिला टोकाला गेली. तिथं बाजूला कोणी नव्हतं. थोड्या वेळानं कोणीतरी हसून म्हणालं, "अगं, बोदलकशावाली त पुढं गेली!" मी पाहिलं. ती खरंच साऱ्यांच्या पुढं होती. तिचा हात दिसत नव्हता इतका भराभर चालत होता.

रुख्माबाई सरळ उभ्या राहिल्या. पेंढी हातात तशीच. बराच वेळ पाहत होत्या. मग चिखल तुडवत सुनेपाशी गेल्या.

"हात दाखव."

प्रेमिलानं हात पाठीमागं नेला. डावा.

"डावखुरी आहेस?"

"नाही जी."

"खोटं नोको बोलू. मी पाह्यलं."

प्रेमिला रडली नाही. खाली चिखलाकडं पाहून म्हणाली, "बाबानं सांगतलं होतं, सासरी उजव्यानंच करजो. डाव्यानं वाढशीन त लोक ताटावरून उठतीन."

बाईंनी पेंढी बांधावर ठेवली आणि चालू लागल्या. ऐन रोवणीत कोणी बांधी सोडत नाही. मी घाबरून मागं गेलो. मी पोचलो तेव्हा त्या चिखलाच्या पायांनी स्वयंपाकघरात उभ्या होत्या. हातात सबल, म्हणजे लोखंडी पहार, होती. त्यांनी ती चुलीवर घातली.

मी दारात थिजलो. चूल फोडणं काय असतं हे मला दोन वर्षांत कळलं होतं. इथं वाटणीच्या दिवशी चूल फोडतात. घरातली मोठी बाई फोडते आणि रडते. या रडत नव्हत्या. दात-ओठ खाऊन घाव घालत होत्या. सावित्रीबाईंनी कुंपणावरून पाहिलं. दिवस मावळायच्या आत गोरेगावात ज्याला त्याला माहीत झालं, की रुख्मानं चूल फोडली.

दुधराम धावत आला. उंबऱ्यावर बसला.

"माय, मी बोललो तसं. पर आजच काऊन?"

"तू बोलू नोको. माती आन."

"दुसऱ्या चुलीले?"

"एकाच चुलीले. आन त्या कोपऱ्यात टाक, उजव्या भिंतीले. घडवंचीबी हलव, डाव्या हाताले घे."

त्याला काही कळलं नाही. मला थोडं कळलं. प्रेमिला दारात भिजत उभी होती, आणि मला वाटतं, तिला सगळं कळलं. ती आत आली आणि सासूच्या हातातून सबल घेतली. डाव्या हातानं. उरलेली चूल तिनं फोडली.

पावसात माती वाळेना. तोवर माझ्या सिगडीवर, माझ्या दारात, दोघी मिळून भात शिजवत. बातमी मात्र वाळत घालावी लागत नाही. ती तिरोड्याच्या बाजारातून बोदलकशाला पोचली. एका दुपारी बैलगाडी अंगणात थांबली. प्रेमिलाचे वडील गोवर्धन, डोक्यावर पोतं, गुडघ्यापर्यंत चिखल. ते सपरीत चढले नाहीत.

"माही पोरगी द्या. नेतो मी."

"या ना, पाव्हणे. पानी त प्या," रुख्माबाई म्हणाल्या.

"चूल फोडल्या घरचं पानी नाही पीत मी."

"माह्या घरचं नोका पिऊ. पोरीच्या घरचं प्या."

त्यांनी आत हाक मारली. "प्रेमिला, ताजी घागर आन. भरून."

कुंपणाशी सावित्रीबाई उभ्या होत्याच. आणखी पाच-सहाजणी आल्या. प्रेमिला पदर ओढून विहिरीवर गेली. घागर डाव्या कडेवर घेऊन निघाली. मागच्या वाडीतून आत शिरली. मला सपरीतून सरळ दिसत होतं. रुख्माबाई तिच्याकडं पाहत नव्हत्या. त्या जमिनीकडं पाहत होत्या, तिच्या मागच्या सुक्या जमिनीकडं. त्यांचे ओठ हलत होते.

घागर घडवंचीवर बसली. आवाजसुद्धा झाला नाही.

प्रेमिलानं लोटा बुडवला आणि बाहेर आली. वडिलांपुढं हात केला. मग दचकली. लोटा डाव्या हातात होता. ती घाईनं उजव्या हातात घेऊ लागली.

"कायले बदलतेस?" रुख्माबाई म्हणाल्या. "सांडशीन."

गोवर्धननी मुलीच्या हाताकडं पाहिलं. मग विहिणीकडं. मग आतल्या ओल्या चुलीकडं, जी एकच होती. पोतं त्यांच्या डोक्यावरून गळत होतं. त्यांनी लोटा घेतला. तिच्या डाव्या हातातूनच. डोळे मिटून सगळं पाणी प्याले.

"मीच सांगतलं होतं तिले," ते म्हणाले. "भलं होईन म्हणून."

"मीबी भलं होईन म्हणूनच चूल घातलती."

गोवर्धननी लोटा मुलीच्या हातात परत दिला.

"बैल सोडू का?" गोवर्धननी विचारलं.

"सोडा. भात शिजून राहिला मास्तरकडं."

कुंपणावरून आवाज आला, "रुख्मा, मंग चूल फोडली कायले?"

"कोपरा चुकला होता."

"कोनाचा?"

"माह्या."

सावित्रीबाई कुंपणापासून मागं सरल्या. त्यांना याहून काही मोठं हवं होतं. पण प्रेमिलाच्या पायांबद्दल पुन्हा त्या बोलल्या नाहीत.

रुख्माबाईंनी एक नियम तेवढा ठेवला. देवाचा नैवेद्य उजव्या हातानं. बाकी रांधणं-वाढणं सुनेच्या मर्जीनं. एक पाहुणे ताटावरून उठायला निघाले होते. "हात धुतलेला आहे, बसा," बाई म्हणाल्या. ते बसले आणि दोनदा भात घेऊन जेवले.

हाल झाले ते बाईंचेच. त्या घरात आता त्यांचं कोपर भिंतीला लागे, अंधारात घडवंची आडवी येई, मिठाऐवजी हळद हातात येई.

"तुह्या घरात माहा हात मोडन एक दिवस," त्या ओरडत.

"मंग डाव्यानं रांधा ना, माय," आतून प्रेमिला म्हणे. ती आता बोलू लागली होती. बरंच बोलू लागली होती.

बाजारातली ती बढाई मात्र बंद झाली. कोणी घर लावायला बोलावलं की बाई आधी मुलीचं गाव विचारत. मग काही निमित्तानं तिथं जात आणि विहिरीशी बसून राहत. ती किती उंच, पाऊल केवढं टाकते, घागर कुठल्या कडेवर घेते. लोक चेष्टा करत, "रुख्माबाई पोरगी पाहाले आली का पानी?" त्या म्हणत, "दोनी."

१९५९ साली माझं लग्न झालं. मी गोंदियाला बदलून गेलो होतो. धानाच्या एका गोदामावर दोन खोल्या मिळाल्या. जिना अरुंद, नळ खाली अंगणात. मी पत्र पाठवलं नाही. तरी एका सकाळी छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीनं दोघी आल्या, सासू आणि सून. रुख्माबाईंचे गुडघे दुखत होते. जिना चढून त्या माझ्या ट्रंकेवर बसल्या आणि खोली पाहिली. घरमालक छोटेलाल मागोमाग वर आला.

"माताजी, चूल्हा यहीं रहेगा. धुआँ इधर से ही निकलता है."

"राहू दे ना, भाऊ. मी का हात लावला?" मग माझ्या बायकोकडं वळून, "पोरी, कोन्या हाताची तू?"

"उजव्या."

"जा. खालून बादली भरून आन."

माझी बायको माझ्याकडं पाहू लागली. मी मान हलवली. ती खाली गेली. नळाचा आवाज आला, मग जिन्यावर पावलं. ती वर आली, दारातून शिरली, चुलीकडं वळली. वळताना बादली दाराच्या कडीला लागली आणि थोडं पाणी उडालं.

मी रुख्माबाईंकडं पाहिलं. त्यांनी सुनेकडं पाहिलं.

प्रेमिला पुढं आली. ओल्या जागेवर तिनं पाय ठेवला.

"इथं," ती म्हणाली.